अकरा मेचं शेवटचं वाचन

जळकोट, १६ फेब्रुवारी २०२५

सोनाली,

सूर्याची चूक आणि माणसाची चूक एकाच आकड्यात मिसळली, तर ती वेगवेगळी कशी काढायची? मला सांगता येत नाही. महिनाभर डोकं लावून झालं. तुला येत असेल, म्हणून लिहिते आहे.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, एवढाच माझा फायदा. पत्ता तुझ्या आईनंच दिला, कडूमावशींनी. मी विचारलाही नव्हता. बाजारात भेटल्या, पिशवीतून तुझ्या पार्सलचा फाटका कागद काढला आणि म्हणाल्या, "घे. लिव्ह तिला. तुझं नाव काढलं की आईवर बी फोन आपटती ती." कागदावर तिरुनेलवेली लिहिलं होतं. तुझी वेधशाळा इथून किती लांब आहे, ते त्या दिवशी नकाशात पाहिलं.

तू शेवटचं बोललीस ते मला पाठ आहे. "तुझ्या यंत्रानं माझ्या बाबांची विहीर नेली." मी म्हणाले होते, "यंत्र कुणाची बाजू घेत नाही." त्याला आता आठ महिने झाले.

आता जे झालंय ते सांगते. जानेवारीत धाराशिवला आमच्या मोजणीवाल्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या सरांनी पडद्यावर काही तारखांची यादी दाखवली. या दिवशी उपग्रहांवरून घेतलेल्या मोजण्या पुन्हा तपासा, म्हणाले. सूर्याकडून येणारा वारा त्या दिवसांत खवळला होता. यादीत पहिल्याच ओळीत होतं: १० आणि ११ मे २०२४.

तुमच्या आणि शिवप्पाकाकांच्या शेतांमधली हद्द मी ११ मेला मोजली. सकाळी साडेसहा ते साडेनऊ.

पुढचं काही मी ऐकलं नाही. मला तुझा तिसऱ्या वर्षाचा सेमिनार दिसत होता. तू तुझ्या बाबांचा फवारणीचा पंप वर्गात आणला होतास. सूर्याचा वारा पृथ्वीच्या चुंबकावर आदळला की विषुववृत्तावरच्या आकाशात विजेचं बळ येतं, म्हणालीस, आणि तिथला भारलेला थर वर उचलला जातो. मग नळी उभी धरून दांडा दाबलास. पाणी वर गेलं, दोन्ही बाजूंना पडलं आणि पहिल्या बाकावरचे सर भिजले. तू न हसता म्हणालीस, "सर, तुम्ही भिजलात तिथंच धाराशिव आहे. विषुववृत्तावरून उडालेलं आपल्या डोक्यावर पडतं."

उपग्रहाचा संदेश त्या थरातून येताना रेंगाळतो आणि यंत्राला वाटतं अंतरच वाढलं. एवढं मला तेव्हाच कळलं होतं. आमचा दुसरा संच शेजारी ठेवला असता तर दोघांची चूक सारखी आली असती आणि वजा झाली असती. पण तो संच त्या दिवशी दुसऱ्या गावी होता. मी लांबच्या स्टेशनवरून मोबाईलनं दुरुस्ती घेतली.

बाकी मी सगळं नियमानं केलं. तीन शिवांचा दगड आहे ना, तीन गावांच्या हद्दी मिळतात तो. त्याची जागा पक्की ठाऊक असते. सुरुवातीला त्यावर वाचन घेतलं, शेवटीही घेतलं. दोन्ही आकडे तक्त्यात आहेत.

तुझ्याकडं त्या सकाळची नोंद असेल. आकाश खरंच हललं होतं का, एवढंच सांग.

उम्मेहानी


जळकोट, ५ मार्च २०२५

सोनाली,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असेल, असं धरून लिहिते. रोजे सुरू झालेत. सहेरीनंतर मला झोप येत नाही, त्यामुळे वेळ आहे.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही, कारण तुला ती कुणी तरी सांगितली असेल असं वाटलं. कडूमावशी म्हणाल्या, सांगितलेली नाही. शिवप्पाकाका विहीर बुजवणार आहेत. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला. तिथं त्यांना गोठा बांधायचा आहे. गेल्या साली मोजणी सणाच्या दुसऱ्या दिवशी झाली, त्यांचा मुहूर्त हुकला. या वर्षी त्यांना तो चुकवायचा नाही.

मी त्यांना रस्त्यात गाठलं. विचारलं, "काका, भरलेली विहीर कशाला बुजवता?"

"त्यात पाण्यापरीस भांडण जास्त हाय, यव्वा." त्यांच्या घरी कानडी बोलतात, पोरींना ते यव्वाच म्हणतात. "मला बोअर हाय. अन् कोंडीरामनं चार माणसांत शब्द दिलाय. तू होतीस की तिथं."

होते. तुझे बाबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते, "माझ्या विहिरीला रेष नुसती शिवली तरी विहीर तुझी, जा!" सगळे हसले. तुझ्या बाबांना खात्री होती, कारण हद्दीचा दगड विहिरीच्या काठापासून सोडून होता. तो पाइपलाइनच्या चरीत उपटला गेला म्हणून तर मोजायची वेळ आली. सरकारी मोजणी मागवू या, असं शिवप्पाकाका म्हणत होते. तुझे बाबा म्हणाले, "गफारभाईची पोरगी असताना परका माणूस कशाला?"

माझी रेष विहिरीच्या वरच्या पायरीवरून गेली.

जूनपासून तुझ्या बाबांनी त्या विहिरीची मोटर काढून ठेवली आहे. घागरसुद्धा बुडवत नाहीत. मावशी वस्तीवरच्या हापशावरून लिंबांना पाणी घालतात. बत्तीस झाडं आहेत, मी मोजली.

आणखी एक सांगते, हे कुणालाच माहीत नाही. त्या सकाळी घरून निघताना अब्बा म्हणाले होते, "बेटा, दगड उपटला तरी जागा खणून बघ. जुनी माणसं हद्दीच्या दगडाखाली कोळसा आन् खापऱ्या पुरायची. दगड ट्रॅक्टरनं जातोय. कोळसा कुठं जातोय?" अब्बा गवंडी आहेत, तुमची विहीर त्यांनीच बांधली, त्यांना ठाऊक असणारच. मी बूट घालता घालता हसले. "अब्बा, आता वरून वीस उपग्रह बघतात." अम्मी कौतुकानं म्हणाली, "पढी-लिखी है, उसको मालूम."

मी तक्ता काल पुन्हा काढला. सकाळचं वाचन आणि शेवटचं वाचन अगदी सारखं आहे. मिलिमीटरपर्यंत. म्हणजे यंत्र नीट चाललं असणार, नाही का? तरी तुझी नोंद मिळाली तर बरं होईल.

उम्मेहानी


जळकोट, २४ मार्च २०२५

सोनाली,

पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, तरी पत्त्यावरचं तुझं अक्षर बघून मी दारातच बसले.

आत नुसता त्या भारलेल्या थराचा आलेख होता. तो खूप वेळ पाहिला. आजूबाजूच्या दिवसांच्या रेघा सकाळी हळूहळू चढतात आणि संध्याकाळी उतरतात, सगळ्या जवळजवळ एकीवर एक. अकरा मेची तेवढी वेगळी. भलत्या वेळी वर, भलत्या वेळी खाली. खरं सांगते, मला आनंद झाला. मी अम्मीला हाक मारणार होते. मग कागद उलटा केला. मागं तुझ्या पेन्सिलीची एकच ओळ होती.

"शेवटचं वाचन किती वाजता?"

तुला कळलं. मिलिमीटरपर्यंत सारखे आकडे, तेही लांबच्या स्टेशनवरून, तेही तसल्या सकाळी. शांत दिवशीसुद्धा एवढे सारखे येत नाहीत. मी ते तुला लिहिलं, तेव्हा तू विचारावंस असं मलाच वाटत होतं की काय, कुणास ठाऊक.

मी शेवटचं वाचन घेतलं नाही.

ती सकाळ जशी झाली तशी लिहिते. पडद्यावर यंत्राची अवस्था दिसते. "फिक्स" आलं की आकडा धरायचा, "फ्लोट" असलं की थांबायचं. त्या दिवशी फिक्स यायचं आणि जायचं. तुमच्या शेताच्या कोपऱ्यावर, जिथून हद्दीची रेष निघते तिथं, मी वीस मिनिटं यंत्राची काठी धरून उभी होते. एकदा फिक्स दिसलं, लगेच बटण दाबलं. परत फ्लोट. मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. पण पाच माणसं माझ्याकडं बघत होती आणि मला कळत नाही असं मला दाखवायचं नव्हतं.

नऊ वाजता ऊन चटके द्यायला लागलं. तीन शिवांचा दगड ओढ्यापलीकडं, दोन किलोमीटरवर. मी निघाले होते, खरंच. तुझ्या बाबांनी ताकाचा तांब्या पुढं केला. "बास की गं पोरी, किती तपासशील? तू काय परकी हायस व्हय?" मी ताक प्यायले. मग चहा झाला. मग शिवप्पाकाकांनी चुन्याची रेघ मारायला घेतली.

संध्याकाळी घरी तक्ता भरताना शेवटचा रकाना रिकामा होता. रिकामा ठेवला की आमच्याकडं मोजणी परत येते आणि पुन्हा जावं लागतं. मी सकाळचा आकडा उतरवून काढला. नक्कल करणारी पोरंसुद्धा एखादा आकडा बदलतात. मला तेवढंही सुचलं नाही.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं. आणि त्याच पत्रात सूर्याची चूक विचारली.

आता मला कळत नाही ते असं. आकाश हललं म्हणून कोपरा सरकला असेल. किंवा मी काठी तिरपी धरली असेल. किंवा घाईत बटण दाबलं म्हणून. किंवा कोपरा बरोबरच असेल आणि आपण सगळे उगाच भांडतो आहोत. तुझा आलेख तिरुनेलवेलीच्या आकाशाचा आहे. त्या तासाला जळकोटवर काय होतं, ते फक्त तीन शिवांच्या दगडावर कळलं असतं.

सरळ जाऊन परत मोजावं, असं तू म्हणशील. मला त्याचीच भीती वाटते. बरोबर आलं तर मी गप्प बसेन. मी मला आता ओळखते.

उम्मे


जळकोट, १३ एप्रिल २०२५

सोनाली,

ईदला तुझे बाबा आले होते. दर वर्षी येतात तसेच, धुतलेला फेटा बांधून. मला वाटलं होतं या वर्षी येणार नाहीत. अब्बांच्या शेजारी बसून दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला, म्हणाले, "नसीमबी, साखर कमी पडली औंदा." अम्मी म्हणाली, "तुमच्याच वयाला बघून कमी टाकली, दादा." मग अब्बांनी विहिरीचा विषय काढला. काका म्हणाले, "गफारभाई, पोरीनं मोजलं ते मोजलं. मी शब्द दिलावता. शिकलेल्या लेकरावर इस्वास न्हाय ठेवायचा, तर मग शिकवायचं कशाला?"

मी पडद्याआड हातात तिसरी वाटी घेऊन उभी होते. ती तिथंच ठेवली.

ते गेल्यावर मी अब्बांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती लांब होता तो दगड?"

"दोन किलोमीटर."

"मी त्या विहिरीत सहा महिने उतरत होतो." मग म्हणाले, "कोंडीरामनं बांधताना सांगितलं होतं, हद्दीच्या दगडापासून तीन हात सोडून काठ घे. मी हातानं मोजून घेतला. तुझी रेष पायरीवर आली, तेव्हा मला वाटलं, माझंच ध्यान चुकतंय. तू उपग्रह म्हणालीस ना."

सोनाली, माझ्या बापानं एक वर्ष स्वतःच्या हाताला खोटं धरलं. मी बी.एस्सी. झाले म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात धाराशिवला जाऊन युवराज सरांना सांगितलं. एजन्सी त्यांची आहे, तक्त्यावर सही त्यांची असते. ते आधी हसले. "एक आकडा ना? अगं, सगळेच लिहितात." मी म्हणाले, मोजणी रद्द केल्याचं लेखी द्यायचं आहे. मग त्यांनी दार लोटलं.

"तारीख काय म्हणालीस? अकरा मे? अगं, मग तर सोपं आहे. लिहून दे, सौर वादळामुळे मोजणीत फरक येण्याची शक्यता. शास्त्रीय कारण आहे, खोटं नाही. तू सुटलीस, मी सुटलो. सूर्यावर कोण केस करणार?"

तुझा आलेख माझ्या पिशवीत होता. त्यांना दाखवला असता तर त्यांनी मला चहा पाजला असता.

खोटं नाही, हेच मला छळतंय. वाक्य खरं आहे. वादळ खरं आहे. तो थर हलला हेही खरं. पण वादळ असलं तरी शेवटच्या वाचनात ते दिसलं असतं. वादळ नसतं आणि काठी तिरपी असती, तरी निदान संशय आला असता. त्यासाठीच तो रकाना असतो. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "रकान्याचं नाव काढलंस तर उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या मागच्या सगळ्या मोजण्या लोक उकरतील."

तेही खरं आहे. मी घरी येऊन जुने सगळे तक्ते काढून बसले. बाकीच्या ठिकाणी शेवटची वाचनं घेतलेली आहेत. तीनदा तपासलं. तरी रात्री परत वाटतं, नक्की ना?

तीस तारखेला सतरा दिवस राहिलेत. काल शिवप्पाकाकांच्या शेतात मुरमाच्या तीन ट्रॉल्या पडल्या. विहिरीच्या अगदी काठाला.

उम्मे


जळकोट, २९ एप्रिल २०२५

सोनाली,

आज सकाळी आठ वाजता करून आले. तुला विचारून करावं असं वाटत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

कालच युवराज सरांना यंत्राची पेटी आणि राजीनामा दिला. त्यांनी पेटी उघडून एकेक वस्तू तपासली आणि म्हणाले, "आदर्श असणं चांगलं, पण कामाच्या जागी नको." बसमध्ये सुचलं काय बोलायचं ते, पण मग बस नळदुर्गच्या पुढं आली होती.

सकाळी अब्बांना घेऊन आधी तुमच्या घरी गेले, काका-मावशींना बरोबर घेतलं आणि शिवप्पाकाकांच्या अंगणात गेलो. कमलबाई, त्यांच्या घरच्या, पूजेची भांडी घासत होत्या. मी उभ्यानंच कागद वाचला. पाठ होता, तरी वाचला.

"११ मे २०२४ च्या मोजणीत शेवटचं वाचन मी घेतलं नाही. सकाळचा आकडा पुन्हा लिहिला. त्यामुळे ही रेष बरोबर आहे की चूक, हे मी सांगू शकत नाही. ही मोजणी मी रद्द करते. चूक माझी आहे."

मग शिवप्पाकाका म्हणाले, "म्हंजे रेष चुकलीय?"

"माहीत नाही, काका."

"माहीत न्हाय, तर आज कशाला सांगतीस? उद्या मुहूर्त हाय माझा!"

"म्हणूनच आज."

कमलबाई भांडं हातात घेऊनच उठल्या. "अन् वरीसभर झोपली होतीस व्हय गं?"

"व्हय, मावशी."

त्यांना माझ्याकडून एवढ्या लवकर होकार अपेक्षित नसावा. त्या परत खाली बसल्या.

तुझे बाबा माझ्याकडं बघत नव्हते. जमिनीकडं बघत म्हणाले, "मीच ताक पाजलं तिला. ती निघाली होती." मी म्हणाले, "काका, ताक तुम्ही पाजलं. आकडा मी लिहिला." कडूमावशींनी डोळ्याला पदर लावला. माझ्यासाठी की लिंबांसाठी, कळलं नाही.

मग अब्बा म्हणाले, "शिवप्पा, तुझी परवानगी असली तर एक खड्डा घेतो." शिवप्पाकाकांनी हातानंच जा म्हणून सांगितलं. आम्ही सगळे विहिरीवर गेलो. अब्बांनी काठाला कोपर टेकवून बोटाच्या टोकापर्यंत एक हात धरला, मग दुसरा, मग तिसरा. तिथं पहार मारली. मी पहार मागितली, तर दिली नाही. दीड हातावर माती काळी झाली. आणखी चार घाव घातल्यावर कोळशाचे तुकडे आले, मुठीएवढे, आणि त्यांच्यात लाल खापऱ्या. माझ्या रेषेपासून पाच फूट, शिवप्पाकाकांच्या बाजूला.

शिवप्पाकाका वाकून बघत राहिले. म्हणाले, "कोळसा काय, कुणाच्या बी चुलीचा असतोय, गफारभाई."

"असतोय," अब्बा म्हणाले, आणि पहार पुसायला लागले.

पण शिवप्पाकाकांनी एक तुकडा उचलला, अंगठ्यानं चोळला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. धुतलेला पांढरा सदरा होता. मग तुझ्या बाबांना म्हणाले, "कोंडीराम, सरकारी मोजणीचा अर्ज टाकू. दोघांच्या सह्यांनी. तवर विहिरीला मी हात लावत न्हाय. गोठ्याचा नारळ उद्या त्या कडंला फोडतो." आणि माझ्याकडं वळून, "अन् तू न्हाय मोजायचं."

"नाही मोजणार, काका."

अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या. माझा कागद त्याला जोडला आहे. मोजणी कधी येईल आणि कोपरा कुठं पडेल, मला माहीत नाही. तोवर तुझे बाबा मोटर बसवणार नाहीत, शब्द शब्दच म्हणतात. मावशी परत हापशावरच जाणार आहेत. उद्यापासून दुसरी घागर माझी. काम नाहीये आता मला.

पहिल्या पत्रातला प्रश्न अजून तसाच आहे. त्या सकाळी माझ्या काठीवर सूर्याचा किती हात होता आणि माझा किती, ते मला कधीच कळणार नाही. तू कधी काढू शकलीस तर काढ. तुझ्या अभ्यासासाठी काढ, मला सोडवायला नको.

तुझा आलेख मी त्या अर्जाला जोडला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही. याच पाकिटात परत पाठवते आहे. मागं तुझ्या पेन्सिलीच्या ओळीखाली शाईनं उत्तर लिहिलं आहे आणि त्याखाली सही केली आहे.

"घेतलं नाही."

तुझी
उम्मे